कापलेली कड

धाकट्याचा पाय गेला हे कळलं तेव्हा ताईच्या मनात सगळ्यात आधी काय आलं, ते तिने पुढे कोणालाही सांगितलं नाही. तिच्या मनात आलं, गुडघा वाचला का?

ती कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेत कामाला होती. गुडघ्याखाली पाय गेलेला माणूस आणि गुडघ्यासकट गेलेला माणूस यांच्या आयुष्यात किती फरक असतो, हे ती बरीच वर्षं बघत आली होती. म्हणून इस्पितळाच्या जिन्यातच तिने डॉक्टरांना गाठून तेवढं विचारून घेतलं. गुडघा वाचला होता. मग ती तिथेच पायरीवर बसली आणि रडली.

धाकटा काचा बसवायचा. दुकानांच्या मोठाल्या दर्शनी काचा, ऑफिसांच्या भिंतीएवढ्या काचा. ट्रकमधून काचा उतरवताना एक अख्खी चवड कलंडली आणि त्याच्या नडगीवर आली. आडदांड माणूस होता तो, दारातून येताना मान खाली घालणारा, आणि तोंडाने तेवढाच वात्रट. शुद्धीवर आल्यावर ताई दिसली तशी म्हणाला, "ताई, आता कुठलंही काम सांग. मी एका पायावर तयार."

"गप्प बस," ताई म्हणाली.

"आणि कंटाळा आला की काढता पाय घ्यायचा. माझ्याइतकं सोपं कोणालाच जाणार नाही."

त्याची बायको खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती हसली नाही. तिने त्याच्या अंगावरची चादर, जिथे खाली काहीच नव्हतं तिथे, नीट सपाट केली.

आईवडील लवकर गेले. धाकट्याला ताईनेच वाढवलं होतं. तिने स्वतः लग्न केलं नाही, आणि त्याचं कारण कोणी विचारलं तर ती चिडायची. भावजय घरात आली तेव्हा दोघींचं भांडण कधी झालं नाही, पण गोडीही झाली नाही. भावजय तिला "ताई, तुम्ही" म्हणायची, चहा द्यायची, आणि स्वयंपाकघरात निघून जायची. दोघींना जोडणारा दुवा म्हणजे धाकट्याची मुलगी. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी उभीच राहायची नाही.

जखम भरून आली, सूज उतरली, तेव्हा धाकट्याचा पाय ताईच करणार हे ठरल्यासारखंच होतं. कार्यशाळेत पेशंट तपासणारे, मापं घेणारे मुख्य होते त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी माप घेतलं, पण पुढचं सगळं ताईने आपल्याकडे घेतलं. उरलेला पाय ज्यात बसतो तो वरचा पेला, सॉकेट, हीच खरी मेख असते. खालचा दांडा आणि पाऊल तयार मिळतं. सॉकेट मात्र ज्याचं त्यालाच बनवावं लागतं. आधी प्लास्टरचा साचा, मग त्या साच्यावर कार्बनच्या कापडाचे थर मोज्यासारखे चढवायचे, एकाचा धागा उभा, दुसऱ्याचा तिरका, आणि वरून रेझिन, म्हणजे वाळून टणक होणारा चीक, ओतून हवा खेचून घ्यायची, म्हणजे कापड आणि रेझिन मिळून एकजीव होतं.

पण ते एकजीव दिसतं, असतं नाही. ताई नव्या माणसांना शिकवताना हेच सांगायची. मधल्या भागात प्रत्येक थराला वरून, खालून, बाजूने शेजारचे धरून ठेवतात. भार आला की सगळे मिळून वाटून घेतात. कडेला मात्र धागे कापलेले असतात. तिथे थराला थर चिकटून असतो तो मधल्या रेझिनच्या पापुद्र्याने, बस. उभ्या धाग्याला एकीकडे ताणायचं असतं, तिरक्याला दुसरीकडे, आणि त्यांना आवरायला पुढे कोणीच नसतं. पोटात हातोडा मारला तरी न फुटणारं सॉकेट कडेला नखाएवढ्या भेगेने सुटायला लागतं. त्यात घाम शिरला की संपलंच. म्हणून कड कापली की ती बारीक कागदाने गोल घासायची, तिच्यावर पातळ रेझिनचा हात द्यायचा, वाळू द्यायचा, परत घासायचा, परत द्यायचा. हे काम कंटाळवाणं असतं. ताईला ते आवडायचं.

धाकट्याच्या सॉकेटची मागची कड, गुडघ्याच्या खोबणीतली, तिने थोडी उंच ठेवली. मास्तरांच्या लक्षात आलं.

"बसल्यावर मागून दाबेल त्याला," ते म्हणाले.

"जड माणूस आहे. दिवसभर उभं राहायचं काम. खाली आणली तर आत डुगडुगेल."

"उतरवून बघ तरी."

"त्रास झाला तर उतरवू की. कापायला काय, कधीही कापता येतं. कापलेलं परत जोडता येत नाही."

मास्तरांनी खांदे उडवले. भाऊ तिचा होता.

धाकटा पहिल्यांदा त्या पायावर उभा राहिला तेव्हा कार्यशाळेतल्या आरशात बघून म्हणाला, "घोटा माझ्यापेक्षा देखणा आहे." भिंगरीने कार्बनच्या काळ्या चकचकीत पोटरीवर टकटक केलं आणि विचारलं, "बाबा, आत कोणी आहे का?" सगळे हसले. भावजयसुद्धा. ताईने त्याला बजावलं, "कुठेही टोचलं तर इथे यायचं. घरी काही करायचं नाही. कडेला तर हातही लावायचा नाही." का लावायचा नाही, ते तिने सांगितलं नाही. भावाला असलं काय समजावत बसायचं, असं तिला वाटलं असावं.

काचेच्या दुकानाच्या मालकाने त्याला परत घेतलं, पण आता आत, टेबलाशी. काचा कापायच्या, त्यांच्या कडा घासायच्या. उंच स्टुलावर बसून काम. आणि बसलं की सॉकेटची मागची कड खोबणीत रुतायची.

त्याने ताईला फोन केला. ती तेव्हा रेझिन ओतत होती. रेझिन एकदा कालवलं की थांबत नाही.

"ताई, हे मागून चावतंय गं."

"सगळ्यांनाच चावतं सुरुवातीला. कातडी निबर व्हावी लागते."

"रक्त येतंय थोडं."

"मग ये इकडे. बघते."

"दुकानातून आत्ताच सुटी कशी मागू? आत्ता तर घेतलंय त्यांनी परत."

"मग कळ काढ थोडी. पोरासारखा काय करतोस?"

तो हसला आणि म्हणाला, "बरं, मोठी माणसं कशी करतात ते शिकव एकदा." आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याने तक्रार केली नाही. एका सुटीच्या दिवशी ताई त्याच्याकडे जेवायला गेली, तर तो घरभर ऐटीत फिरत होता. भिंगरीचे पाय आपल्या पावलांवर ठेवून त्याने तिला नाचवलं. भावजय दारात उभी राहून बघत होती आणि तिचा चेहरा इतका मोकळा ताईने कधी पाहिला नव्हता. ताईला बरं वाटलं. सवय झाली, तिला वाटलं, मी म्हटलं नव्हतं? फुल पँट होती त्याच्या अंगात. पाय दाखव असं ती म्हणाली नाही.

तो पडला तो एका साध्या सकाळी, घराच्याच जिन्यात. भिंगरी दप्तर घेऊन पुढे पळाली होती आणि तो मागून उतरत होता. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला, असं भावजयने नंतर सांगितलं. तिने दार उघडलं तेव्हा तो खालच्या वळणावर पडलेला होता आणि त्याच्या पँटमधला कृत्रिम पाय भलत्याच दिशेला वळला होता.

खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं. ताई भेटायला गेली तेव्हा तो औषधांनी जडावलेला होता.

"काय झालं रे?"

"पाऊल चुकलं."

"पाय मोडला म्हणतात."

"तुझा मोडला," तो म्हणाला. "माझा नाही. माझं नुसतं हाड." मग डोळे मिटून म्हणाला, "सोड ना ताई. पाऊल चुकलं माझं."

डॉक्टर त्याला घरी सोडायचं बोलत होते. भावजयने खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे एक खोली मागून ठेवली होती, त्याला जिना चढायला नको म्हणून. त्या आठवड्यात त्याला एकाएकी धाप लागली, ओठ निळे पडले. पायात झालेली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली होती. ताई पोचली तेव्हा भावजय बाहेरच्या बाकावर बसली होती आणि तिच्या मांडीवर त्याचा चष्मा होता.

मोडलेला पाय इस्पितळाने एका पिशवीत घालून भावजयकडे दिला होता. सगळं आटोपल्यावर, माणसं पांगल्यावर तिने ती पिशवी आणून ताईच्या पुढ्यात ठेवली.

"हे तुमचं काम," ती म्हणाली. "घेऊन जा."

ताईने तो पाय कार्यशाळेत आपल्या टेबलावर काढला. तिथला दिवा पांढरा आणि प्रखर होता. सॉकेटची मागची कड खाली उतरवलेली होती. कोणीतरी ती जाड कानशीने घासून घासून खाली आणली होती. कानशीचे आडवे ओरखडे स्पष्ट होते. उघडी पडलेली कड तशीच सोडली होती, खरखरीत, पिंजलेली, आणि घामाने थर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे एकमेकांपासून सुटले होते. एका कोपऱ्यात कानस जरा खोल गेली होती. खाच पडली होती तिथे. तडा त्या खाचेतून निघून सरळ खाली गेला होता.

मास्तर तिच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"घरी घासलंय," ते म्हणाले.

"हो."

"त्याने स्वतःच?"

"असेल. काच घासणारा माणूस. हातात कानस असायचीच."

मास्तर स्टूल ओढून बसले. "हे बघ, चौकशी होणार. माणूस गेलाय. घरच्यांना विचार आणि मला सांग, कोणी घासलं आणि कधी. म्हणजे तुझ्यावर येणार नाही आणि इथल्या कोणावरच येणार नाही." मग जरा थांबून हळू आवाजात म्हणाले, "कड उंच होती हे आपल्या दोघांनाच माहीत आहे. ते मी बोलणार नाही."

ताईला त्या शेवटच्या वाक्याने तोंडात मारल्यासारखं झालं.  पिशवी उचलून ती भावाच्या घरी गेली.

भावजयने दार उघडलं आणि बाजूला झाली. या म्हणाली नाही. स्वयंपाकघरात भांडी घासून पालथी घातलेली होती, अगदी ओळीने. भिंगरी शाळेत होती. ताई खुर्चीच्या टोकावर बसली आणि पिशवी मांडीवर धरून म्हणाली, "मला एक विचारायचं होतं. त्या पायाबद्दल."

"विचारा."

"त्याला त्रास होत होता का फार?"

भावजय ओट्याला टेकून उभी होती. तिने ताईकडे असं पाहिलं की ताईची नजर खाली गेली.

"फार?" ती म्हणाली. "तुम्हाला फोन केला होता ना त्यांनी? कळ काढ म्हणालात तुम्ही. मग काढत बसले कळ. घरी आले की पाय काढून भिंतीकडे तोंड करून बसायचे. खोबणीत इथे, दोन बोटं जातील एवढी जखम. मी म्हणायची, चला ना ताईंकडे. म्हणायचे, तिने एवढं जीव ओतून केलंय, तिला कसं सांगू की मला घालवत नाही. तुमचं मन मोडेल म्हणून, ताई. तुमचं मन."

ताईने मांडीवरची पिशवी सरळ केली.

"मग एक दिवस मीच म्हटलं, आणा इकडे. कानस घरात होतीच. मी सज्जात बसले, पाय मांडीत घेतला, आणि घासला. ते नको नको म्हणत होते. ताईला कळलं तर माझा दुसराही पाय मोडेल म्हणत होते. पण हसत होते, कळलं का तुम्हाला? कितीतरी दिवसांनी हसत होते. मी घासायची, ते घालून बघायचे, मी परत घासायची. हाताला फोड आले माझ्या. आणि मग ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, अगं, काहीच होत नाहीये."

ती बोलायची थांबली. तिने हाताची मूठ उघडून तळवा पाहिला, जणू फोड अजून असतील.

"नंतरचे सगळे दिवस ते बिनदुखाचे चालले. पोरीला नाचवलं. ते मी दिलं त्यांना. दुसरं काही नाही उरलं माझ्याकडे, पण ते आहे. तुम्ही पाय दिलात तो मोडला. मी निदान तेवढं तरी..." तिचा आवाज फाटला. तिने पदराने नाही, कोपराने डोळे पुसले आणि परत ताठ उभी राहिली.

पिशवीतून सॉकेटची ती पिंजलेली कड ताईच्या बोटांना लागत होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य तिच्या ओठांवर आलंसुद्धा. समोर उभी असलेली बाई तिची कोणी लाडकी नव्हती. मनातल्या मनात ताईने तिच्यावर ओरडूनही घेतलं: तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला? आणि लगेच तिला आठवलं की का लावायचा नाही हे तरी कोणी कुठे सांगितलं होतं.

"मग?" भावजय म्हणाली. "काय विचारायला आला होतात?"

"विचारायला नाही," ताई म्हणाली. "सांगायला आले होते. चूक माझीच. थर नीट बसले नव्हते आतून. रेझिन कमी पडलं होतं. तिथून फुटला."

भावजय ओट्यापासून पुढे आली.

"घासल्यामुळे नाही ना?" तिने एकदम विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"नाही. कडेला काय असतं? कडेला भार नसतोच."

इतकं धडधडीत खोटं ताई त्या विषयात आयुष्यात कधी बोलली नव्हती. भावजयने श्वास सोडला. मग तिचा चेहरा हळूहळू घट्ट होत गेला.

"उठा," ती म्हणाली. "भिंगरी यायच्या आत जा. आणि परत येऊ नका."

मास्तरांना ताईने तेच सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला.

"मला शिकवतेस? मी बघितलाय तो पाय. डोळे आहेत मला."

"तुम्ही कड बघितलीत. आतलं नाही बघितलं. केलं मी आहे, मी सांगते."

"खोटं बोलतेस तू. कोणासाठी, तेही कळतंय मला. पण याचा अर्थ काय होतो ते तरी कळतंय का तुला? तू केलेला प्रत्येक पाय मला परत मागवावा लागेल."

हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ती क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "मागवा."

पाय परत आले. माणसं कुबड्या घेऊन आली, चाकाच्या खुर्च्यांत आली, वर्षानुवर्षं ज्या पायांवर चालत होती ते काढून देऊन बाकावर बसून राहिली. एक शिंपीण होती. तिचा पाय ताईनेच केला होता आणि त्यावर ती दिवसभर शिलाई मशीन चालवायची. ती ताईचा हात धरून म्हणाली, "चांगला आहे हो माझा. नका ना घेऊ." ताईने हात सोडवून घेतला आणि पायाला नावाची चिठ्ठी बांधली. तपासणीत एकही सॉकेट कच्चं निघालं नाही. मास्तरांनी तो कागद तिच्यापुढे ठेवला आणि नुसते उभे राहिले, अजूनही खरं बोल म्हणून. ती बोलली नाही. सगळ्यांना पाय परत मिळाले, पण शिंपीण पुढच्या वेळी आली तेव्हा तिने दुसऱ्या कारागिराचं नाव सांगितलं. चौकशीत ताईचा जबाब धरला गेला. तिला नोकरीवरून काढलं नाही, कारण मास्तर मध्ये पडले. तिला कार्बनवरून काढून प्लास्टरच्या खोलीत टाकलं. तिथे ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या, साचे काढायचे, फरशी धुवायची. प्लास्टर तिच्या नखांत बसलं ते निघेना.

कधीकधी ती विचार करायची. मी कड पहिल्याच दिवशी उतरवली असती तर? म्हणजे आपण बोललो ते सगळंच काही खोटं नव्हतं, असं ती स्वतःला सांगायची. त्याने बरं वाटायचं नाही.

बऱ्याच महिन्यांनी बसच्या थांब्यावर तिला दोघी भेटल्या. भिंगरी उंच झाली होती आणि आता एका जागी शांत उभी होती, आईचा हात धरून. "आत्या," ती म्हणाली, आणि पुढे काय बोलावं ते न कळून आईकडे बघितलं.

"अजून तिथेच आहात?" भावजयने विचारलं.

"हो."

"घालतात लोक? तुम्ही केलेले पाय?"

"मी आता पाय करत नाही."

"बरं झालं," भावजय म्हणाली. त्यात राग नव्हता. ती खरंच तसं मानत होती.

त्यांची बस आली. भावजयने मुलीला पुढे चढवलं आणि मागून स्वतः चढली. भिंगरी खिडकीशी बसली आणि काचेला कपाळ लावून बाहेर बघत राहिली. ताईने हात हलवला नाही. हलवला असता तर पोरीला पेच पडला असता, उलट हात करावा की करू नये. बस सुटेपर्यंत ती दुसरीकडे, रस्त्याकडे बघत उभी राहिली.